विहारातले कपाट : रद्दी की दस्तऐवज?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने आम्हाला 'ग्रंथालय' हा विषय दिला. आम्ही ग्रंथपाल नाही, कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. सूतगिरणीच्या पाळीतून जो वेळ उरला, तो वाचनालयाच्या बाकावर काढला. त्यामुळे आम्ही हा विषय पंडिताच्या अंगाने मांडणार नाही, कामाच्या अंगाने मांडू. आणि काम तर समोर उभं आहे. आपल्या विहाराची मागची खोली पाडून नवी बांधायची, असं समितीनं ठरवलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्या खोलीत एक लोखंडी कपाट आणि दोन पत्र्याच्या पेट्या आहेत. कपाटात पुस्तके. पेट्यांत काय? जयंतीची जुनी पावतीपुस्तके, नामांतराच्या काळातली पत्रके, मोर्चांचे फोटो, गायरानाच्या अर्जांच्या नकला, सभांच्या वह्या. काही मंडळींचं म्हणणं पडलं की पुस्तकं ठेवू, बाकीची रद्दी देऊन टाकू, तेवढेच चार पैसे बांधकामाला. त्यांचा हेतू वाईट नाही. पण निर्णय घेण्याआधी ही रद्दी आहे की दस्तऐवज, याचा विचार आपण सगळ्यांनी मिळून करावा, एवढ्यासाठी आम्ही उभे आहोत.

मांडणी कशासाठी?

आधी गिरणीतलं उदाहरण देतो, कारण ते आम्हाला पक्कं ठाऊक आहे. तीस काउंटचं सूत आणि चौतीस काउंटचं सूत तुमच्या हातात दिलं तर नुसत्या डोळ्याने फरक कळणार नाही. म्हणून सूत ज्या कागदी कोनावर गुंडाळतात, त्याच्या टोकाला रंगाची खूण असते. या काउंटला हा रंग, त्या काउंटला तो. ही खूण चुकून दोन काउंट एकमेकांत मिसळले, तर गिरणीत कुणाच्याच लक्षात येत नाही. पुढे कापड विणलं जातं, रंगवलं जातं, आणि मग त्या कापडावर पट्टा उमटतो. तोवर वेळ गेलेली असते. तसंच स्टोअरचं. स्टोअरमध्ये प्रत्येक खणाला नंबर, खणापाशी एक कार्ड: माल किती आला, किती गेला, किती उरला. रात्रपाळीला मशीन बंद पडली आणि बेअरिंग स्टोअरमध्ये असूनही सापडलं नाही, तर ते नसल्यातच जमा. मशीन उभी ती उभीच.

ग्रंथालय, दफ्तरखाना आणि वस्तुसंग्रहालय यांचं शास्त्र कितीही मोठं असलं तरी त्याचा पाया हाच आहे. वस्तू जवळ असणं पुरेसं नाही. ती हव्या त्या वेळी, हव्या त्या माणसाला सापडली पाहिजे. आणि सापडल्यावर ती कुठली, कुणाची, केव्हाची, हे कळलं पाहिजे.

आपल्या धम्मातली मांडणी

हे शास्त्र परक्या मुलखातून आलं असं कुणाला वाटेल. पण आपण बौद्ध आहोत, आणि मांडणी ही आपल्या धम्माच्या मुळात आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. महाकाश्यप प्रमुख होते. विनयाचे प्रश्न त्यांनी उपालीला विचारले आणि धम्माचे आनंदाला. उपाली हा न्हाव्याच्या कुळातला, हे विसरू नका. त्या परंपरेतून पुढे तिपिटक उभं राहिलं. पिटक म्हणजे टोपली. तीन टोपल्या: भिक्खू-भिक्खुणींच्या नियमांची विनयपिटक, उपदेशांची सुत्तपिटक आणि तात्त्विक विवेचनाची अभिधम्मपिटक.

आता सुत्तपिटकाच्या आत डोकावून बघा. दीघनिकायात लांब सुत्ते, एकूण ३४. मज्झिमनिकायात मध्यम लांबीची, १५२. संयुत्तनिकायात विषयवार गट आहेत. चार आर्यसत्यांवरची सुत्ते एका गटात एकत्र सापडतात. अंगुत्तरनिकायात संख्येप्रमाणे लावलेली आहेत. एकाच्या गोष्टी, दोनाच्या गोष्टी, असं करत अकरापर्यंत. धम्मपद, थेरीगाथा यांसारखे ग्रंथ खुद्दकनिकायात. म्हणजे लांबी, विषय आणि संख्या अशा तीन रीतींनी आपल्या पूर्वजांनी हा सागर लावून ठेवला. तोही कागद नसताना, पाठांतराच्या जोरावर! एका भिक्खूला सगळं पाठ होणं अवघड, म्हणून वाटणी केली. दीघनिकाय पाठ करणारे ते दीघभाणक, मज्झिमनिकाय पाठ करणारे ते मज्झिमभाणक.

मग हे लिहून का ठेवलं? इ.स.पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ पडला, लढाया झाल्या, आणि पाठ असलेली माणसं कमी होऊ लागली. माणूस गेला की त्याच्याबरोबर सुत्तही जाणार, हे भिक्खुसंघाने ओळखलं आणि आलोकविहारात तिपिटक ताडपत्रावर उतरवलं. आपल्या वस्तीतली नामांतराच्या लढ्यातली किती माणसं आज हयात आहेत, मोजा. उत्तर तुमचं तुम्हालाच मिळेल.

बाबासाहेबांनी हीच शिस्त पाळली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. त्याची आठ कांडे आहेत, कांडांचे भाग आहेत आणि आत वाक्यांना क्रमांक आहेत. त्यामुळे विहारात कुणीही म्हणू शकतो, अमुक कांड, अमुक भाग, अमुक क्रमांक उघडा, आणि सगळ्यांचं बोट एकाच ओळीवर येतं. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करताना मूळ पाली ग्रंथांतले आधार शोधून दिले. कुठून घेतलं ते सांगणं हा मांडणीचाच भाग आहे.

पुस्तकांना नंबर देणारा हात

आता पुस्तकांकडे येऊ. मोठ्या ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवर आकडा असतो, तो पुष्कळांनी पाहिला असेल. तो बहुतेक वेळा ड्युई दशांश पद्धतीचा असतो. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली ती काढली. सगळ्या ज्ञानाचे दहा भाग. १०० तत्त्वज्ञान, २०० धर्म, ३०० समाजशास्त्रे, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्रविद्या, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल, आणि सुरुवातीला ००० मध्ये सर्वसाधारण ग्रंथ. प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. हा ड्युई न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजचा ग्रंथपाल होता, आणि तिथेच १८८७ साली त्याने ग्रंथपालन शिकवणारी शाळा काढली. याच कोलंबियात १९१३ साली आपले बाबासाहेब शिकायला गेले. त्यांना शिष्यवृत्ती देणारे सयाजीराव गायकवाडही ग्रंथालयांचे मोठे पुरस्कर्ते. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयं उभी केली. खेड्यापाड्यात पेट्यांतून पुस्तकं पाठवली.

पद्धत सोयीची आहे यात वाद नाही. पण जरा बारकाईने बघा. धर्माच्या २०० आकड्यांत २२० पासून २८० पर्यंतची सगळी जागा बायबल आणि ख्रिस्ती धर्माला दिलेली. उरलेल्या जगाचे सगळे धर्म २९० च्या एकाच खणात! त्यात भारतात उगम पावलेले धर्म २९४ मध्ये, आणि त्यात बौद्ध धम्म २९४.३, हिंदू धर्म २९४.५. अर्ध्या आशियाला वाट दाखवणाऱ्या बुद्धाला दशांश चिन्हाच्या पुढे एक आकडा. मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या भोवती जी पुस्तकं होती, ज्या समाजात तो वावरत होता, त्यावरून त्याने खण पाडले. गावात घरं कुठे बांधायची हे ठरवणाऱ्याने आपल्याला वेशीबाहेर जागा दिली, त्याच तऱ्हेचा हा प्रकार आहे. जो जागा वाटतो, त्याच्या नजरेप्रमाणे जागा मिळते.

आणि ड्युईची नजर काय होती? लेक प्लॅसिड येथे त्याने काढलेल्या क्लबात ज्यू लोकांना प्रवेश नव्हता. १९०५ साली त्यावर रीतसर तक्रार झाली आणि त्याला न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालाचं पद सोडावं लागलं. २०१९ साली अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरचं त्याचं नावही काढलं. माणसांना दार बंद करणारा माणूस जगाच्या पुस्तकांना जागा वाटून देत होता, हे ध्यानात ठेवा. म्हणून पद्धत फेकून द्या, असं नाही. ती वापरा, पण डोळे उघडे ठेवून.

आपल्याकडे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ साली कोलन पद्धत काढली. त्यात धर्मांची जागा बरीच समान आहे. हिंदू, जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम, प्रत्येकाला त्या वर्गात एकेक स्वतंत्र अंक. बौद्ध धम्माला चार. त्याआधी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले होते. आमच्या भाषेत सांगतो. पुस्तक वापरायला असतं. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये. आणि ग्रंथालय हे वाढतं लेकरू आहे, त्याला वाढायला जागा ठेवा. आपलं कपाट या पाचांत कुठे बसतं? त्याला कुलूप आहे, किल्ली एकाच्या घरी, आणि तो शेतावर गेला की वाचक परत. चवदार तळ्यासाठी १९२७ साली महाडला आपली माणसं मार खाऊन आली. कुलपातलं पुस्तक म्हणजे बंद पाणवठाच समजा.

आणखी एक अडचण पुस्तकांच्या बाबतीत येते. बाबासाहेबांचा रुपयावरचा १९२३ सालचा ग्रंथ अर्थशास्त्रात, ३३२ च्या खणात जाईल. जातिनिर्मूलनावरचा समाजशास्त्रात, ३०५ मध्ये. धम्मावरचा २९४.३ मध्ये. म्हणजे एकाच माणसाचे ग्रंथ तीन कपाटांत विखुरले! उपाय असा की पुस्तक फळीवर एकाच जागी उभं राहू शकतं, पण त्याची नोंद हव्या तितक्या ठिकाणी करता येते. लेखकाच्या नावाची एक यादी, पुस्तकाच्या नावाची दुसरी, विषयाची तिसरी. जुन्या वाचनालयात कार्डांचे छोटे छोटे कप्पे असायचे ते यासाठीच. आपल्या विहारापुरतं आमचं मत आहे की बाबासाहेबांचे आणि बाबासाहेबांवरचे सगळे ग्रंथ एका फळीवर ठेवावेत, कारण आपला वाचक तसाच मागतो. मात्र विषयाच्या यादीत रुपया रुपयाच्या जागी, जात जातीच्या जागी लिहावी.

भोकरदनचा मणी

पुस्तकाच्या प्रती अनेक असतात. एक हरवलं तर दुसरं मिळतं. वस्तूचं तसं नाही, ती एकच असते. आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ च्या सुमारास तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठाने आणि नागपूर विद्यापीठाने मिळून तिथे उत्खनन केलं. सातवाहन काळातली भरभराटीची वस्ती उजेडात आली. मणी, मातीच्या मूर्ती, नाणी, शंखाच्या वस्तू. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतल्या पॉम्पेई या ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या शहरात १९३८ साली अशीच हस्तिदंती भारतीय मूर्ती सापडली होती. दोन्ही मूर्तींचं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलं. कुठे भोकरदन आणि कुठे इटली! पण हे साम्य सांगता आलं ते कशामुळे? प्रत्येक वस्तू कोणत्या खड्ड्यात, कोणत्या थरात, कशाशेजारी मिळाली, याची नोंद उत्खनन करणारे ठेवतात म्हणून. नांगरताना मिळालेला मणी कुणी खिशात घालून घरी नेला, तर तो मणी तसाच राहतो, पण त्याचं गाव आणि त्याचा काळ हरवतो. वस्तुसंग्रहालयातली चिठ्ठी वस्तूइतकीच मोलाची असते ती याचसाठी.

याच भोगवर्धनाचं नाव मध्य प्रदेशातल्या सांचीच्या स्तूपावर कोरलेलं आहे. भोगवर्धनच्या लोकांनी तिथे दान दिलं. दान छोटंसं असेल, पण दात्याचं नाव आणि गाव दगडावर नोंदलं गेलं. या नोंदी शेकडो वर्षं कुणाला वाचता येत नव्हत्या. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने सांचीच्या पुष्कळ छोट्या लेखांचे ठसे एकाखाली एक ठेवून पाहिले. बहुतेक लेख त्याच दोन अक्षरांनी आणि एका टिंबाने संपतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तर्क केला की स्तूपावर शेवटी येणारा शब्द 'दानं' असला पाहिजे. तिथून ब्राह्मी लिपीचं कुलूप उघडलं आणि सम्राट अशोक आपल्याशी पुन्हा बोलू लागला. सारख्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, त्यातून हे घडलं. आपण जयंतीची पावतीपुस्तकं रद्दीत घालायला निघालो आहोत. ती आपल्या वस्तीची दानलेखांची भिंतच आहे. दुष्काळी सालात कोणत्या घरातून दोन रुपये आले, कोणत्या विधवा बाईने ज्वारी दिली, ते त्यात आहे.

दफ्तराचा कायदा वेगळा

आता पेट्यांतल्या कागदांबद्दल. हा सर्वात महत्त्वाचा भाग आहे, तेवढा नीट ऐकून घ्या. ग्रंथालयात पुस्तकं विषयाप्रमाणे लावतात. दफ्तरखान्यात मात्र कागद विषयाप्रमाणे लावत नाहीत. ते ज्या कचेरीतून, ज्या घरातून, ज्या संघटनेतून आले, त्याप्रमाणे एकत्र ठेवतात, आणि त्यांचा मूळ क्रम मोडत नाहीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे तीस हजारांहून जास्त रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा. त्या गठ्ठ्यातला एक कागद काढून दुसऱ्यात घातला, तर तो कुणी, कुणाला, कशाला उत्तर म्हणून लिहिला ते कळेनासं होतं. सुताचे काउंट मिसळले तर जे होतं तेच.

आपल्या जिल्ह्यात हे फार जाणवतं. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद राज्यात होतो. १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी अंबड, भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीत. म्हणजे तुमच्या आजोबांचा कागद हवा असेल तर त्या साली तुमचं गाव कोणत्या कचेरीखाली होतं, हे आधी ठाऊक पाहिजे. मग वाट सापडते. कागद कचेरीवार ठेवतात, तो शहाणपणा इथे कामाला येतो.

२०२३ सालचं आठवा. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या मागणीच्या बाजूने वा विरोधात बोलण्याची ही जागा नव्हे. आम्हाला दाखवायचं आहे ते वेगळं. तहसिलीतली खासरापत्रकं, पाहणीपत्रकं, कूळ नोंदवह्या, जन्म-मृत्यूची रजिस्टरं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं बाहेर निघाली. उर्दू, फारसी, मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली. कित्येक वर्षं धूळ खात पडलेली पानं एका रात्रीत राज्याच्या राजकारणाच्या मध्यभागी आली. कोणता कागद केव्हा जिवंत होईल, ते सांगता येत नाही.

आपलंही तेच आहे. जात पडताळणीला लेकराचा अर्ज गेला की १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्या आजोबाला शाळेत घातलंच नाही, त्याची शाळेतली नोंद कुठून आणायची? मग कुठे जन्म-मृत्यूची नोंद, कुठे इनामाचा कागद, असं हुडकत फिरावं लागतं. आणि गायरान! २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचं ठरलं. १४ एप्रिल ही तारीख बघून आपली माणसं हरखली. पण पुरावा काय? तलाठ्याच्या अतिक्रमणाच्या नोंदवहीत नाव आहे का, दंडाची पावती आहे का, पंचनाम्याची नक्कल आहे का. ज्या दंडाने आपल्याला चोर ठरवलं होतं, त्याच दंडाची पावती आता हक्काचा पुरावा झाली. आमच्या माहितीतल्या एका बाईने त्या पावत्या सालवार दोऱ्यात ओवून डब्यात ठेवल्या होत्या. तिला अक्षर येत नव्हतं. कागदाच्या रंगावरून आणि गाठींवरून ती साल सांगायची. तिच्या शेजारच्या घरात पावत्या जास्त होत्या, पण त्या भिंतीच्या कोनाड्यात कोंबलेल्या. वाळवीने खाऊन टाकल्या. दोघींनी रान सारखंच कसलं होतं. पण अर्जाला लावायला कागद एकीकडेच निघाला.

चळवळीच्या इतिहासाचंही तसंच आहे. मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या मांग समाजाच्या मुलीने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. त्या पत्राचे जुने अंक कुणीतरी जपून ठेवले, म्हणून आज आपली लेकरं तो वाचतात. बाबासाहेबांनी १९१७ साली लंडनहून परतताना ग्रंथ आणि सामान वेगळ्या जहाजाने पाठवलं, ते जहाज महायुद्धात पाणबुडीने बुडवलं. किती टिपणं गेली, ती गेलीच. १९५६ नंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखितं वर्षानुवर्षं पेट्यांत बंद राहिली. पुढे महाराष्ट्र शासनाने ग्रंथमाला काढली, १४ एप्रिल १९७९ रोजी पहिला खंड आला. वसंत मून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कागद पानापानाने लावले. कुठे मजकूर अपुरा, कुठे एकाच प्रकरणाचे दोन-तीन खर्डे. ते लावले म्हणून 'रिडल्स इन हिंदुइझम' आणि क्रांती-प्रतिक्रांतीवरचं लिखाण १९८७ साली जगापुढे आलं. बाबासाहेबांच्या पेट्या कुणी रद्दीत घातल्या असत्या तर? नुसत्या कल्पनेने काटा येतो. मग आपल्या पेट्या लहान माणसांच्या आहेत म्हणून त्या रद्दी ठरतात काय?

करायचं काय?

बोलणं पुष्कळ झालं. आता कामाचं सांगतो. खर्च फार नाही, शिस्त पाहिजे.

एक. पाठपुठ्ठ्याची एक जाड नोंदवही आणावी. अनुक्रमांक, तारीख, काय मिळालं, कुणाकडून मिळालं, कोणत्या गावचं, कोणत्या सालचं, पानं किती, अवस्था कशी, ठेवलं कुठे, एवढे रकाने. नोंद झाल्याशिवाय काहीही आत घेऊ नये आणि सही घेतल्याशिवाय बाहेर देऊ नये.

दोन. पुस्तकं विषयवार लावावीत. बाबासाहेबांची फळी स्वतंत्र. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं दारापाशी, कारण मागणी त्यांची जास्त आहे.

तीन. पेट्यांतले कागद घरवार, संघटनावार ठेवावेत. एका घराचा गठ्ठा दुसऱ्यात मिसळू नये. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये. ती पुढे पिवळी पडून अक्षरं खाते. लॅमिनेशन तर मुळीच नको, त्यातून मूळ कागद पुन्हा सुटत नाही. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात बांधावं, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून लांब ठेवावं. पावसाळ्याआधी आणि नंतर उघडून बघावं.

चार. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावं, गाव, साल लिहावं. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला उमटतं. म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवून नावं विचारावीत, आणि ती यंदाच विचारावीत.

पाच. तरुणांनी मोबाईलवर प्रत्येक कागदाचा फोटो काढावा, पण फोटोला नाव द्यावं: साल, गाव, कुणाचा. दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवावी. नाव न दिलेले हजार फोटो मोबाईलमध्ये असले काय आणि नसले काय. आणि फोटो निघाला म्हणून मूळ कागद टाकू नये; कचेरीत आणि कोर्टात मूळ कागदच मागतात.

सहा. कुणाच्या आजीने १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरी नेसलेलं पांढरं लुगडं असेल, मोर्चातला झेंडा असेल, हलगी असेल, तर ते विहाराला द्यावं. वस्तूबरोबर तिची हकीकतही लिहून द्यावी. मात्र घरगुती तंटे, आजारपण असले कागद चारचौघांत उघडे करू नयेत. ते वेगळे बांधून, ज्या घरचे त्यांच्या परवानगीनेच दाखवावेत.

सात. कपाटाची किल्ली विहारातच राहील आणि दर रविवारी वंदनेनंतर दोन तास कपाट उघडं राहील, असा ठराव करावा. नोंदीच्या कामाला दोन तरुण आणि दोन भगिनी नेमाव्यात. आमच्या आयाबायांना कोणाचं लग्न कोणत्या साली, कोण कोणाचा कोण, हे तोंडपाठ असतं. त्यांच्याशिवाय एकही फोटो ओळखता येणार नाही.

धम्मबांधवांनो, जालना हे लोखंडाचं गाव. देशभरातलं भंगार इथे येतं, भट्टीत वितळतं आणि नवी सळई होऊन बाहेर पडतं. भंगाराचं सोनं कसं करायचं ते आपल्याला शिकवायला नको. पण कागदाचं तसं होत नाही. भंगारातून सळई परत येते, रद्दीत गेलेली दंडाची पावती परत येत नाही. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, अशी तक्रार आपण वर्षानुवर्षं करतो, आणि ती खरी आहे. पण उद्या कुणी प्रामाणिक मनाने आपला इतिहास लिहायला आला, तर त्याच्यापुढे आपण काय ठेवणार?

म्हणून समितीला आमची हात जोडून विनंती आहे की, मागची खोली जरूर पाडा, पण त्याआधी पेट्या पुढच्या सभागृहात आणा आणि नोंदवही उघडा. नोंद पूर्ण होईपर्यंत रद्दीवाल्याला निरोप देऊ नका. नव्या खोलीच्या नकाशात एका भिंतीला, ओल येणार नाही अशा बाजूला, कपाटांची जागा आजच आखून घ्या. पहिल्या रविवारी वंदनेनंतर आम्ही स्वतः नोंदीला बसतो. ज्यांच्या घरी पत्र्याच्या पेट्या आहेत त्यांनी त्या उघडून ठेवाव्यात.

एवढं बोलून आम्ही थांबतो.

नमो बुद्धाय. जय भीम. जय भारत.